बिडकीनचा प्लॉट, देवळाईचा फ्लॅट की वाळूजचं रो हाऊस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की नोकरी संभाजीनगरजवळ वाळूजला, सध्या बजाजनगरात भाड्यानं राहायलेत, घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी, जिंतूरकडच्या वडिलांच्या जमिनीचे पैसे आलेत आणि तुमची सेव्हिंग धरून तीसेक लाख हाताशी आहेत. समोर तीन गोष्टी आहेत: देवळाईत आठ फ्लॅटच्या बिल्डिंगमधला टू बीएचके, बिडकीनच्या अलीकडं पैठण रोडपासून आत दीड गुंठ्याचा प्लॉट जो "एनए (बिगरशेती) प्रोसेसमध्ये" आहे, आणि सिडको वाळूज महानगरातलं एक जुनं रो हाऊस. एजंट म्हणतो टोयोटा आली, तीन वर्षांत डबल. राहू कुठं आणि पैसे टाकू कुठं?

मी बँकांसाठी जागांचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे लोन द्यायच्या आधी जागेवर जायचं, कागद बघायचे आणि काय किमतीची आहे ते लिहून द्यायचं, संभाजीनगरच्या चारी बाजूनं बरीच वर्षं हेच चालू आहे. त्यामुळं जे सांगतो ते विकणाऱ्याच्या बाजूनं नाही आणि घेणाऱ्याच्या हौसेच्या बाजूनं पण नाही, जरा रुक्ष वाटलं तर चालवून घ्या.

आधी एक करा भाऊ, राहणं आणि गुंतवणूक हे दोन वेगळे हिशोब आहेत ते डोक्यात वेगळे ठेवा. आपल्याकडं लोक म्हणतात "प्लॉट घेऊन ठेवू, भाव वाढला तर विकू, नाहीतर बांधून राहू", आणि मग तो प्लॉट विकायला पण जड जातो आणि राहायला पण लांब पडतो. तुमच्याकडं तीस लाख आहेत, तीन कोटी नाहीत, त्यामुळं एकाच पैशाकडून दोन्ही कामं करून घ्यायचा मोह होणार, तो आवरा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: शहराच्या कडेला जागा बघताना पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, ही जागा कुणाच्या ताब्यातल्या हद्दीत आहे ते विचारा. रस्ता कोण करणार, पाणी कोण देणार, ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं. संभाजीनगरच्या कडेला हे फार गुंतागुंतीचं आहे. नुसतं वाळूजकडं बघा, कंपन्यांचा एरिया एमआयडीसीचा, बजाजनगर वडगाव कोल्हाटीच्या ग्रामपंचायतीत, बाजूला सिडकोचं वाळूज महानगर, पलीकडं पंढरपूर, रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर या ग्रामपंचायती. एक रस्ता ओलांडला की मालक बदलतो. दक्षिणेला सातारा-देवळाई, जी आधी ग्रामपंचायत होती, मग थोडा काळ नगर परिषद म्हणून जाहीर झाली आणि २०१५ ला महापालिकेत आली. शहराभोवतीच्या २८ गावांना लोक आजपण झालर क्षेत्र म्हणतात कारण त्यांचा प्लॅन सिडकोनं केला होता. त्याच्या बाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आणि शेंद्रा-बिडकीनला ऑरिक, म्हणजे सरकारनं आखलेलं औद्योगिक शहर, ते वेगळंच संस्थान. ऑरिकच्या कंपाऊंडच्या आत रस्ते, जमिनीखालून केबल, पाणी, सगळं आखीवरेखीव आहे, पण तुमचा प्लॉट कंपाऊंडच्या बाहेर आहे. जाहिरातीत फोटो आतला असतो आणि सातबारा बाहेरचा.

आता पाणी. मराठवाड्यात घर घेणारा माणूस पाण्याचं विचारत नाही असं होत नाही, पण विचारतो ते चुकीचं. "बोअरला पाणी आहे का?" असं विचारतो, आणि बिल्डर सप्टेंबरमध्ये मोटार चालू करून दाखवतो. आपल्या खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट, त्यात पाणी फटीत आणि सांध्यात साठतं, वाळूसारखं सगळीकडं नसतं, त्यामुळं एका बोअरला धो धो आणि वीस फुटांवरच्या बोअरला नुसती धूळ असं होतं. आणि बाजूला चार बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांनी त्याच फटीत आणखी खोल बोअर मारले की पहिल्याचं पाणी जातं. म्हणून बोअर बघायचा तर मे महिन्यात. मे पर्यंत थांबता येत नसेल तर खालच्या किराणा दुकानदाराला नाहीतर इस्त्रीवाल्याला विचारा की उन्हाळ्यात या बिल्डिंगला टँकर किती येतात, तो सांगतो, त्याला काही विकायचं नसतं.

नळाचं म्हणाल तर जवळपास अख्खं शहर जायकवाडीवर आहे. धरण १९७६ चं, भरलेलं असलं तरी शहराला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचे दिवस आपण सगळ्यांनी काढले, कारण अडचण धरणात नव्हती, पाईपलाईन जुन्या आणि लहान होत्या. त्यासाठी नवीन योजना निघाली, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन, १६८० कोटींची म्हणून सुरू झाली आणि पुढं २७४० कोटींवर गेली, अडीच हजार मिलीमीटरचा जाडजूड पाईप. आता जो तो बिल्डर या योजनेच्या नावावर फ्लॅट विकायलाय. मोठा पाईप शहरात येणं वेगळं, तुमच्या गल्लीतली टाकी, तिथून निघणारी लाईन आणि तुमच्या बिल्डिंगचं कनेक्शन वेगळं. देवळाईच्या त्या फ्लॅटसाठी एवढंच बघा की गल्लीत लाईन टाकलेली आहे का, टाकली असेल तर तिच्यात पाणी सोडतात का, आणि सोडत असतील तर त्या बिल्डिंगला कनेक्शन मिळालंय का. तीनही हो असतील तर पुढं बोला.

नसेल तर टँकरचा हिशोब धरा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप आहे. तुम्ही तिघं आणि अधूनमधून येणारे आई-वडील, चार माणसं धरली तर दिवसाला ५४० लिटर, महिन्याला सोळा हजारांच्या वर, म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर आणि वर थोडं, एकट्या तुमच्या घराला. आठ फ्लॅटला पंचवीस-सव्वीस टँकर. समजा टँकर सातशेला पडला तर तुमच्या वाट्याला महिन्याला बावीसशे-तेवीसशे गेले, आणि उन्हाळ्यात रेट तोच राहत नाही. हे पैसे ईएमआयमध्ये धरून बघा, मग फ्लॅट स्वस्त पडतो का ते कळेल. लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं आपल्याकडं हा प्रश्न काही गंमतीचा नाही.

याच्या उलट वाळूजला एमआयडीसीची जायकवाडीवरून स्वतःची लाईन आहे, कारखाने बंद पडू द्यायचे नसतात म्हणून ती नीट चालते, आणि सिडकोच्या वसाहतीला त्याचा फायदा होतो. रोज धबधबा नाही, पण शहरापेक्षा बरं. त्या रो हाऊसच्या बाजूनं मी जो झुकतोय त्याचं अर्धं कारण हे आहे.

कागदांवर येऊ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून लोक येतात आणि मराठवाड्याचं प्रकरण वेगळं आहे हे त्यांना माहीत नसतं. आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं आपला जुना रेकॉर्ड वेगळा. वकील सर्च रिपोर्ट देतो तो तीस वर्षांचा, बँकेला तेवढा चालतो, पण शहराच्या कडेच्या गावात तेवढ्यावर थांबू नका, त्या गटाचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढायला सांगा. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. त्यात कळतं की जमीन मुळात कुणाची होती, खाजगी होती का इनामी, कुळ कोण होतं. सातबारा आज कितीपण स्वच्छ दिसू दे, मूळ जर खिदमतमाश असेल, म्हणजे दर्गा, मशीद किंवा देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन, तर ती मधल्या कुणीतरी विकून टाकलेली असते आणि वीस वर्षांनी नोटीस येते. मदतमाश इनाम वेगळं, ते माणसाच्या निर्वाहासाठी दिलेलं, त्या जमिनी वर्ग एकमध्ये, म्हणजे मोकळेपणानं विकता येणाऱ्या, करायची वाट सरकारनं आता सोपी केलीय, पण वाट सोपी झाली म्हणजे तुमच्या गटाचं झालं असं नाही, ऑर्डर हातात मागायची. वक्फचा संशय असेल तर वक्फ बोर्डाचं मुख्य ऑफिस आपल्याच गावात पाणचक्कीला आहे, गट नंबर घेऊन जाऊन यादी बघता येते. महार हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन, सीलिंगमध्ये (जमीनमर्यादेच्या कायद्यात) वाटलेली जमीन, हैदराबाद कुळकायद्यात मिळालेली जमीन, हे सगळं सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (परवानगीशिवाय विकता न येणारी) नाहीतर "इतर हक्क" या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि एजंट मोबाईलवर जो सातबारा दाखवतो त्यात तो कोपरा नेमका कापलेला असतो.

बिडकीनच्या तुमच्या प्लॉटकडं येतो. "एनए प्रोसेसमध्ये" याचा अर्थ एनए नाही. बस्. पूर्ण झालेल्या प्लॉटिंगचा रस्ता असा असतो: टीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, मंजूर लेआउट, एनएची ऑर्डर, मोजणी खात्याची मोजणी, मग कमी-जास्त पत्रक ज्याला सगळे कजाप म्हणतात, आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. कजाप झालेलं असलं की पुढचं-मागचं सगळं बहुतेक झालेलं असतं, म्हणून मी जागेवर गेलो की आधी तेच मागतो, आणि समोरचा माणूस "कजाप म्हणजे?" म्हणला की चहा पिऊन परत येतो.

एक घरबसल्या करायची चाचणी सांगतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा १०८९ चौरस फूट. मंजूर लेआउटमध्ये १० टक्के ओपन स्पेस सोडावा लागतो आणि आतले रस्ते किमान ९ मीटरचे, मग एकरातून विकायला फार तर चोवीस-पंचवीस हजार फूट हातात राहतं, म्हणजे बावीस-तेवीस गुंठे. एजंटच्या नकाशात एकरामागं एक-एक गुंठ्याचे तीस-बत्तीस प्लॉट मोजले तर तो नकाशा कुणीही मंजूर केलेला नाही, झेरॉक्सच्या दुकानात काढलेला आहे.

असल्या प्लॉटिंगवर काय असतं ते पण बघा. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं तशीच, मधून चुना मारलेले दगड, एजंटचा पोरगा हातात रंगीत नकाशा घेऊन पावलं मोजत जातो आणि एका दगडापाशी थांबून म्हणतो "सर हा तुमचा सत्तावीस नंबर". खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर अठ्ठावीस. तो वीस फुटी रस्ता धरून चालत गेलं की शंभर पावलांवर बांध लागतो आणि बांधापलीकडं दुसऱ्याची पऱ्हाटी. पलीकडच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "रस्ता? कुठला रस्ता? माझ्या बापानं बैलगाडी जाऊ दिली एवढंच." खतात रस्ता लिहिणाऱ्याला त्या रस्त्याची जमीन विकायचा हक्कच नव्हता. सातबारा बघितला तर एका गटावर तीस-चाळीस नावं सामायिकात, कुणाचा तुकडा कुठं ते कुठंच नाही. उद्या एकानं दुसऱ्याच्या दगडावर भिंत घातली तर मोजणीवाला पण काही करू शकत नाही, कारण मोजायला सरकारी नकाशात तुमचा प्लॉटच नाही.

"पण गुंठेवारी नियमित होतेय ना?" हे तुम्ही विचारणार, सगळे विचारतात. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटचा, कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाट मिळाली. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानं एक-दोन गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या बंद झाल्या, ते परिपत्रक हायकोर्टाच्या आपल्याच खंडपीठानं मे २०२२ मध्ये रद्द केलं, आणि २०२५ ला शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांना सरकारनं मोकळीक दिली. ही सगळी सवलत जे आधीच अडकलेत त्यांना बाहेर काढायला आहे, तुम्ही आज नव्यानं त्यात जाऊन बसायचं कारण नाही. आणि तुकडा कायदेशीर झाला तरी त्यानं रस्ता येत नाही, ड्रेनेज येत नाही, ओपन स्पेस येत नाही. रजिस्ट्री होते म्हणजे सगळं बरोबर असा समज आपल्याकडं फार आहे, सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवून घेतो, मालकीची गॅरंटी देत नाही. तसंच ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. तो टॅक्सचा उतारा आहे, तो दाखवून "मालकीचा कागद" म्हणून घरं विकली जातात, रांजणगावपासून पिसादेवीपर्यंत सगळीकडं.

बँकेचं सांगतो. असल्या गुंठेवारीच्या प्लॉटवर राष्ट्रीयीकृत बँक सहसा लोन देत नाही, पतसंस्था देते आणि व्याज जास्त लावते. याचा तुम्हाला आज फरक पडणार नाही कारण तुम्ही कॅश घेऊन उभे आहात, पण ज्या दिवशी विकायला काढाल त्या दिवशी तुमचा गिऱ्हाईक पण कॅशवालाच लागेल, आणि तसे गिऱ्हाईक थोडे, ते भाव पाडूनच मागतात. जागेचा भाव वर्तमानपत्रात वाढतो, खिशात तेव्हाच येतो जेव्हा समोरच्याला लोन मिळतं.

आता टोयोटा. बातमी खरी आहे, जुलै २०२४ मध्ये करार झाला, वीस हजार कोटींच्या आसपासची गुंतवणूक, जागा बिडकीन. दुसऱ्यापण कंपन्या येऊ लागल्यात. बिडकीनला पुढं काही होणार नाही असं मी म्हणत नाही, होणार आहे. पण वेळ बघा. ऑरिकचं मोठं ऑफिस पंतप्रधानांनी सप्टेंबर २०१९ ला उघडलं, त्याच्याआधी किती वर्षं भूसंपादन चालू होतं, आणि टोयोटाची बातमी आली त्यानंतर पाच वर्षांनी. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ ला सुरू झाला, आणि तिथं ज्याला वस्ती म्हणता येईल, म्हणजे शाळा, दवाखाना, भाजी मंडई, रात्री दहाला उघडं मेडिकल, ते उभं राहायला नव्वदचं दशक जावं लागलं. करार, मग बांधकाम, मग उत्पादन, मग व्हेंडर, मग कामगार, मग भाडेकरू, असा क्रम आहे आणि भाव मात्र पहिल्याच पायरीला वाढतो. आज तुम्हाला जो रेट सांगतायत त्यात टोयोटा आधीच धरलेली आहे. शेतकऱ्यानं एजंटला दिली तेव्हा एकदा भाव वाढला, एजंटनं तुकडे पाडले तेव्हा परत वाढला, आता तुमच्यासाठी काय उरलंय ते विचारा.

तीन वर्षांत डबल म्हणजे दरसाल २६ टक्के चक्रवाढ. सात टक्क्यांची एफडी डबल व्हायला दहाएक वर्षं लागतात. जमीन आठ-नऊ वर्षांत डबल झाली तरी ती चांगलीच म्हणायची, पण मधल्या काळात तिला भाडं नाही, उलट मुद्रांक, रजिस्ट्री, कंपाऊंड, आणि कुणी दगड हलवला का बघायला वर्षातून चार चकरा. हे सगळं धरून ज्याला दहा वर्षं त्या पैशाची गरज नाही त्यानं बिडकीनला घ्यावं, अगदी खुशाल घ्यावं, कजाप झालेला घ्यावा. तुमचं तसं नाही, मुलीची शाळा चालू व्हायलीय.

त्या बाजूची माती पण लक्षात ठेवा. पैठण रोडला आणि शेंद्र्याकडं काळी माती खोल आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की हात आत जातो. तिच्यावर तीन फूट पाया घेऊन घर बांधलं की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात, मग दरवर्षी पुट्टी भरत बसा. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि त्याचा खर्च प्लॉटच्या भावात कुणी सांगत नाही. साताऱ्याच्या डोंगराकडं उलट आहे, मुरूम वरच लागतो.

बाकी बाजूंबद्दल दोन शब्द, उद्या कुणी तिकडंपण न्यायला बघेल म्हणून. पडेगाव-मिटमिटा चांगलं वाढायलंय, हवा छान, पण छावणी जवळ आहे, लष्कराच्या हद्दीची एनओसी कुठं लागते ते आधी बघा. चिकलठाण्याला विमानतळामुळं उंचीची मर्यादा. आणि २०१८ ला कचऱ्याची बोंब झाल्यावर महापालिकेनं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं कचरा प्रक्रिया केंद्रं केली, त्यामुळं त्या भागात जागा बघायची तर दुपारी बाराला न जाता संध्याकाळी वारा पडल्यावर एकदा जाऊन उभे राहा. सावंगी-हर्सूलकडं समृद्धीमुळं भाव चढले. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी आणि जून २०२५ ला पूर्ण रस्ता सुरू झाला, पण समृद्धीला वाटेल तिथून चढता येत नाही, इंटरचेंजपाशी असाल तर उपयोग, नाहीतर नुसता गाड्यांचा आवाज ऐकायचा.

देवळाईच्या फ्लॅटचं. एरिया राहायला चांगला, शाळा, दवाखाने, बीड बायपास मोठा झाला, मला स्वतःला आवडतो. पण तुमची नोकरी वाळूजला. देवळाईहून बायपासनं महानुभाव चौक, मग लिंक रोड, ए. एस. क्लब आणि पुढं, पंधरा-सोळा किलोमीटर सहज, शिफ्ट सुटायच्या वेळी त्या रोडवर काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बिल्डिंग आठच फ्लॅटची आहे, म्हणजे रेरात, बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदवायची सक्ती तिला नाही, ५०० चौरस मीटरच्या आतला प्लॉट नाहीतर आठपर्यंत फ्लॅट असले की सुटतात, त्यामुळं काही बिनसलं तर तुम्ही आणि बिल्डर, मध्ये रेरा नाही. २०१५ च्या आधीच्या कित्येक बिल्डिंगा ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या आहेत, तुमची कधीची आहे ते विचारा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. "सगळे राहतातच की" हे उत्तर आलं तर प्रमाणपत्र नाही असं समजा. पार्किंगमध्ये मागं दोन खोल्या काढून विकल्यात का तेपण बघा, देवळाईत हा प्रकार बोकाळलाय. आणि जमीन कुणाच्या नावावर राहणार, डिक्लरेशन (अपार्टमेंटचा नोंदणीकृत दस्त) नाहीतर सोसायटी कधी करणार, हे इसाराच्या आधी लिहून घ्या, नंतर बिल्डर फोन उचलत नाही.

रो हाऊस मला तिन्हीत बरं वाटतं. पाणी आहे, कामाला पंधरा मिनिटं, खाली जमीन तुमची, म्हणजे सिडकोच्या लीजची. हे लीज नीट समजून घ्या: मूळ अलॉटीचं लीज डीड झालंय का, आतापर्यंत हात बदलले ते सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर घेऊन का नुसत्या जनरल मुखत्यारवर, ट्रान्सफर फी कुणी भरायची, सर्व्हिस चार्ज थकलाय का. जुन्या रो हाऊसला मागं-पुढं वाढवलेलं बांधकाम असतंच, ते मंजूर नसेल तर बँक तेवढ्याची किंमत धरत नाही, तुम्हीपण धरू नका, भाव करताना त्याच मुद्द्यावर खाली आणा. जुनं घर म्हणजे स्लॅबच्या खालून गज दिसतायत का, संडासाच्या भिंतीला ओल आहे का, हे बघायला एखादा इंजिनिअर घेऊन जा, हजार-दोन हजार घेईल. वर एक खोली मंजुरी घेऊन काढली तर कंपनीतली पोरं कॉट बेसिसवर राहायला रांग लावून उभी आहेत. घराला एरवी किमतीच्या दोन-तीन टक्केच वार्षिक भाडं सुटतं, वाळूजला अशा खोल्यांना त्याहून बरं सुटतं. तोटा पण सांगतो, काही रात्री कंपन्यांचा वास येतो, आणि भाव देवळाईसारखा चढत नाही.

टॅक्सचं पटकन. जिंतूरची जमीन नगर परिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर असेल तर ती ग्रामीण शेती, विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. आत असेल तर कर बसतो, आणि तो घर घेऊन वाचवायचा तर ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्याच नावावर घर घ्यावं लागतं, नुसता मोकळा प्लॉट घेऊन मुदतीत घर बांधलं नाही तर ती सूट मिळत नाही. इकडं बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की मुद्रांकात एक टक्का सूट आहे. म्हणजे एक सूट वडिलांचं नाव मागते आणि दुसरी बायकोचं, कुठली मोठी ते सीएकडं आकडे घेऊन जाऊन बघा. संभाजीनगरच्या हद्दीला हेच अंतर आठ किलोमीटर आहे कारण शहर दहा लाखांच्या वरचं, ते हवेतल्या सरळ रेषेत मोजतात, रस्त्यानं नाही. पुढं कधी इकडं शेत घेतलं तर कामाला येईल.

तर माझं म्हणणं: रो हाऊसचे कागद स्वच्छ निघाले तर ते घ्या, बावीस-चोवीसमध्ये बसवा, दोन लाख डागडुजीला ठेवा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा, त्याला हात लावू नका. देवळाईचा विचार तेव्हाच करा जेव्हा वहिनींना तिकडं नोकरी लागेल किंवा तुमची बदली चिकलठाणा-शेंद्र्याकडं होईल. बिडकीनच्या एजंटला शनिवारी फोन करून एवढंच म्हणा, की कजाप आणि प्लॉटचा स्वतंत्र सातबारा व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मग येतो. तो म्हणेल रविवारी लकी ड्रॉ आहे, अकरा हजार टोकन टाकून नंबर पक्का करा, कागद नंतर. टोकन टाकू नका. आणि आधीच टाकलं असेल तर त्याच्याकडून इसार पावती लिहून घ्या, तिच्यात गट नंबर, एनए किती दिवसांत आणि नाही झालं तर पैसे परत कधी हे तीनही असू द्या, नुसत्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागं लिहिलेला आकडा कुठंच चालत नाही.